अकरा अक्षरं

पिशवीची चेन बिघडलेली होती, असं लेसिया नंतर स्वतःला सांगत राहिली. चेन चांगली होती. बिघडलेली होती ती तिची बोटं, जी कुठलीही बंद वस्तू दोन मिनिटं बंद राहू देत नसत. रिंकच्या दाराशी, पॉपकॉर्नच्या मशीनजवळच्या बाकावर ती रेमीचा सराव संपायची वाट बघत बसली होती. बाहेर उणे चौतीस, आत त्याहून थोडं बरं, आणि मांडीवर वेंडेलने दिलेली निळी पिशवी. वेंडेल म्हणजे ड्रोव्हर्स या आइस हॉकी संघाचं सगळं सामान सांभाळणारा म्हातारा. स्केट्सना धार लावायची, ओल्या मोज्यांसारखा वास मारणारी पॅड्स वाळत घालायची आणि फाटलेल्या जर्स्या लेसियाच्या आईकडे शिवायला पोचवायच्या. एरवी तो स्वतः घरी यायचा, आईच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि एक केकचा तुकडा घेऊन जायचा. आज त्याच्या गाडीने थंडीत मान टाकली होती, म्हणून पिशवी लेसियाच्या हातात आणि पुटपुटणं चिठ्ठीवर. "आईलाच दे हं," तो म्हणाला होता, "मध्येच नाक खुपसू नकोस." मांजरापुढे दुधाचं पातेलं ठेवायचं आणि वर झाकणही दाखवायचं, तसलं हे सांगणं! वर दोन फाटक्या बाह्या होत्या. तळाशी एकोणीस नंबरची जर्सी, घडी घालून, उलटी ठेवलेली. त्या घडीत चिठ्ठी. "जुनं नाव काढणे. नवीन नाव, ट्रास्क. बुधवारी संध्याकाळी न्यायला येईन. कुणाजवळ बोलू नये."

एकोणीस नंबर रेमीचा होता. रेमी लाफ्राम्ब्वाझ, ड्रोव्हर्सचा कर्णधार, आणि बाहेरगावच्या खेळाडूंना शहरातली घरं ठेवून घेतात तसा गेले तीन हिवाळे लेसियाच्या घराच्या तळघरात राहणारा, अंघोळीनंतर टॉवेल जमिनीवर टाकणारा, दूध थेट डब्यातून पिणारा रेमी. जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव इंग्रजीत एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत कमानीसारखं पसरलेलं. अकरा अक्षरं. तीन वर्षांपूर्वी आईने ती पहिल्यांदा शिवली तेव्हा म्हणाली होती, "हे नाव आहे की मालगाडी?" लेसियाने घडी होती तशी केली, चेन ओढली आणि पिशवीवर दोन्ही हात असे ठेवले, जणू आत काहीतरी जिवंत आहे आणि ते बाहेर येईल. समोर काचेपलीकडे बर्फावर रबरी चकतीमागे, पकामागे, धावणाऱ्या लहान पोरांना रेमी ओरडत होता, "डोकं वर! पकाकडे बघू नकोस, तो कुठे पळत नाहीये!" त्याचं हसणं काचेतून ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. 

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी बॅटलबेंड शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. लेसिया प्रोकोपिवच्या तोंडात तीळ भिजत नाही. चौदा हजार वस्तीच्या शहरात वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा निघतं, पण लोकांची काही अडचण होत नाही, कारण लेसिया रोज शाळेत जाते. तिला स्वतःला याचा थोडा अभिमानच होता. या वर्षी तर वादविवाद स्पर्धेत ती प्रांतात दुसरी आली होती. कुठल्याही विषयावर, कुठल्याही बाजूने, चार मिनिटं न अडखळता. आणि विषय तरी काय, गेला महिनाभर शहराला एकच विषय होता. रेमीला द्यावं की ठेवावं? संघ आठव्या जागेवर घसरला होता. पुढच्या वर्षी पाच मोठी पोरं वय संपून जाणार. अल्बर्टा प्रांतातला एक संघ रेमीच्या बदल्यात तीन सोळा-सतरा वर्षांची पोरं द्यायला तयार आहे अशी कुजबुज. शनिवारी दुपारी बारा वाजता खेळाडूंच्या अदलाबदलीचा बाजार बंद. लेसियाने यावर दोन्ही बाजूंनी भाषणं ठोकली होती, एकदा जेवणघरात, एकदा बसमध्ये. द्या, कारण वसंतात तो जाणारच आहे, मग हात रिकामे ठेवून काय उपयोग? ठेवा, कारण हंगामाच्या मध्यावर कर्णधार विकणारा संघ हा संघ नव्हे, दुकान आहे! टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा हे सगळं शब्दांचं होतं. आता ते मांडीवर होतं आणि त्याला वजन होतं.

"उठ, बडबडे, गाडी गरम केलीय," रेमी येऊन म्हणाला. त्याच्या ओल्या केसांवर दारातून गाडीपर्यंत जातानाच बर्फाची काडी-काडी उभी राहिली. त्याने इंजिन गोठू नये म्हणून लावलेली विजेची वायर काढली, गुंडाळली, आरशावर अडकवली. "दे ती पिशवी मागे टाकतो." "नको!" लेसिया इतक्या जोरात म्हणाली की तो थांबला. "म्हणजे... ऊब येते. मांडीला." "जर्स्यांची? वास येईल तुला आठवडाभर." पण तो बसला, गाडी निघाली, थंडीने आखडून चौकोनी झालेली चाकं पहिली दोनशे पावलं थडथडत राहिली. आणि रेडिओ. रेमीला तो कार्यक्रम फार आवडायचा, ज्यात लोक फोन करून ड्रोव्हर्सवर तोंडसुख घेतात. "ऐक, ऐक, हा ऑर्विल आहे. हा मला दर मंगळवारी विकतो." ऑर्विल म्हणत होता, "अरे मी डेअरीवाला माणूस आहे. गाय दूध देतेय तोवरच तिला गिऱ्हाईक असतं. आटल्यावर कोण विचारतो?" मग कुणी बाई, चिडलेली, "गाय तुमची असेल हो ऑर्विल, हे कुणाचं तरी लेकरू आहे! माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून गेला होता तो, न सांगता!" रेमी हसून हसून स्टिअरिंगवर वाकला. "बघ, मी गायही आहे आणि लेकरूही. म्हणजे वासरू." आणि मग लाल दिव्याला थांबल्यावर, रेडिओ थोडा कमी करून, तो म्हणाला, "यंदा नाही करणार ते. कोच म्हणाला मला, ऑक्टोबरातच म्हणाला, तू इथेच संपवशील. आणि माझं गणितही इथेच आहे ना." लेसियाच्या गुडघ्यांवर एकोणीस नंबर गरम होत होता. खरंच गरम होत होता. तिने खिडकीवर नखाने बर्फ खरवडला आणि तयार झालेल्या रुपयाएवढ्या भोकातून बाहेर बघत राहिली. तिथून काही दिसत नव्हतं, नुसता धान्याच्या कोठाराचा लाल दिवा.

गणित. हेच तर होतं ना सगळं. रेमी दोनदा बारावीच्या गणितात नापास झाला होता, आणि त्या एका विषयाशिवाय अमेरिकेतलं जे कॉलेज त्याला खेळायला बोलावत होतं ते त्याला आत घेणार नव्हतं. परीक्षा सत्तावीस जानेवारीला. सप्टेंबरापासून लेसिया त्याला शिकवत होती. आधी त्याला काही म्हणता काही समजत नव्हतं. मग एके दिवशी तिने सगळी पुस्तकं बंद केली आणि म्हणाली, "रिंकच्या कडेला आपटून पक परत कुठे येतो?" त्याने क्षणात बोट ठेवलं. "मग हा कोन किती?" तेव्हापासून त्याचं गणित सुटलं होतं, डिसेंबरच्या चाचणीत एकसष्ट. एकसष्ट! त्याने तो कागद फ्रीजवर लावला होता. आणि आता शनिवारी तो अल्बर्टाला गेला की तिथली पुस्तकं वेगळी, शाळा वेगळी, अर्धं सत्र पाण्यात. पुन्हा सुरुवातीपासून. पण त्याला आज कळलं तर? गणिताची मिस ओकाफोर भली बाई आहे. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला तर ती गुरुवारी किंवा शुक्रवारी त्याची परीक्षा घेऊन टाकेल. घेईलच. पण तिच्यापुढे त्याने स्वतः जायला हवं, आणि जायला त्याला कळायला हवं, आणि कळायला कुणीतरी बोलायला हवं. सबंध शहरात हे काम करायला लेसियाइतकं लायक माणूस जन्माला आलं नव्हतं. मग बोल ना, बोल, ती स्वतःला म्हणत होती, तोंड उघड, एरवी बंद करता येत नाही ते. आणि जीभ टाळूला चिकटून बसली होती, लहानपणी गोठलेल्या लोखंडी कुंपणाला चिकटली होती तशी.

कारण व्हिन्स. दोन वर्षांपूर्वीचा व्हिन्स पेल्टिए, गोलकीपर, शेजारच्या घरात राहणारा, गालावर तीळ. तेव्हाही आईच्या फोनवरून लेसियाने अर्धं ऐकलं होतं, सात अक्षरं काढायची आहेत, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या जेवणघरात, त्याच्याच ताटातली बटाट्याची काडी उचलून खात ती म्हणाली होती, "तुला माहितीये का, तुला ब्रँडनच्या संघाकडे पाठवतायत." केवढं मोठं वाटलं होतं तेव्हा स्वतःला! चौदा वर्षांची ती आणि तिच्याकडे बातमी. व्हिन्सने घरी आईला फोन केला, खोली आवरली, पोस्टर काढली. आणि संध्याकाळी तो सौदा मोडला. पलीकडच्या संघाने हात काढून घेतला. आईने काढलेली सात अक्षरं पुन्हा त्याच भोकांवर शिवली. व्हिन्स राहिला, पण तो राहिला म्हणजे काय राहिला? कुठेही फोन वाजला की मान वळायची. सरावात कोच आणि मॅनेजर बोलत उभे दिसले की त्याच्या पायांमधून पक जायचा. त्याला विकायला काढलं होतं आणि कुणी घेतलं नव्हतं. हे त्याला कळायची काहीच गरज नव्हती, आणि ते लेसियाने त्याला बटाट्याच्या काडीबरोबर दिलं होतं. फेब्रुवारीत तो बॅग भरून गावी गेला. आता धान्याचा ट्रक चालवतो म्हणतात. आई तेव्हा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दोरा तोडत म्हणाली, "सुईला तोंड नसतं, म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात." सांगावं आणि सौदा मोडला तर रेमीचा व्हिन्स होणार. न सांगावं आणि सौदा झाला तर गणित गेलं, कॉलेज गेलं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि गाडी घराच्या दाराशी आलीसुद्धा.

घरात बीट आणि लसणाचा वास कोंडला होता. सहा जानेवारी, जुन्या पंचांगाप्रमाणे त्यांची नाताळची पूर्वसंध्या; शहराचा नाताळ संपून पंधरवडा झाला तरी प्रोकोपिवांचा आज सुरू होत होता. दिवसभर उपास, मग आकाशात पहिला तारा दिसला की बारा पदार्थ, मासा चालतो पण मांसाचा कण नाही. तारा बघायचं काम रेमीचं. तीन वर्षांपूर्वी सोळा वर्षांचा, घरच्या आठवणीने नाक लाल झालेला रेमी पहिल्यांदा याच दिवशी मागच्या अंगणात उभा राहिला होता आणि विमानाला तारा समजून सगळ्यांना जेवायला बसवलं होतं. आई शेगडीपाशी होती. लेसियाने पिशवी पुढे केली. आईने चेन उघडली, हात आत घातला, तळाशी पोचला, थांबला. चिठ्ठी वाचली. मग तिने लेसियाकडे बघितलं नाही. चेनकडे बघितलं. पिशवी हातात आली तेव्हाच ती अर्धा इंच उघडी होती. "हात धू," आई म्हणाली, "आणि ताटं मांड." बस, एवढंच. दोघींमध्ये आता एक गोष्ट होती आणि ती गोष्ट स्वयंपाकघरात तिसऱ्या माणसासारखी उभी होती, सारखी पायात येणारी.

ताटं पाच. माणसं चार, आणि एक ताट जास्तीचं, नेहमीचंच, मेलेल्यांसाठी किंवा दारात अवचित येणाऱ्या परक्यासाठी. लहानपणापासून लेसियाने ते ताट मांडलं होतं आणि एकदाही त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. आज काटा डावीकडे ठेवताना तिला एकदम कळलं की हा परका कोण ते. ट्रास्क. अल्बर्टातल्या त्या तीन पोरांपैकी एक. तो येणार, बॅग घेऊन, नाक लाल करून, आणि झोपणार कुठे? खाली. रिकामं झालेलं अंथरूण हे एकच असेल ना शहरात. आई चादर बदलेल. त्याच फ्रीजमधलं दूध तो पिईल, कदाचित पेल्यातून, आणि तीन महिन्यांनी लेसिया त्यालाही बडबड करून हसवेल, कारण तिला दुसरं काय येतं? आपलं घर म्हणजे एक खाच आहे आणि तिच्यात पोरं येतात नि काढली जातात, असं तिला वाटलं, आणि काटा हातातून पडला. "परका येणार," बाबा दारातून बूट झटकत म्हणाले, "काटा पडला की पाहुणा," आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी झालं आणि ते वाकून बुटाची नाडी सोडत बसले, बराच वेळ. बाबा संघाच्या कारभारी मंडळातल्या नऊ जणांपैकी एक. काल संध्याकाळी त्यांची बैठक होती. लेसियाला आत्ता आठवलं की काल परत आल्यावर त्यांनी बाहेरचा बर्फ काढला होता. सगळा. शेजाऱ्यांचासुद्धा.

"तारा!" मागच्या दारातून रेमी ओरडला. "या वेळी खरा आहे, हलत नाहीये!" मेणबत्ती लागली, प्रार्थना झाली. मग कुत्या, म्हणजे शिजवलेला गहू, खसखस आणि मध. पहिला चमचा खायचा नसतो, छताला मारायचा असतो. जेवढे दाणे चिकटतील तेवढं वर्ष चांगलं. हा मान घरातल्या कर्त्या माणसाचा, पण बाबांचा नेम इतका भयंकर की एकदा दिवा फुटला होता, तेव्हापासून हे काम रेमीकडे. "काय रे, गेल्या शनिवारी रिकाम्या गोलात घालता आलं नाही, छत तरी लागेल का?" असं काहीतरी बाबा म्हणणार, दर वर्षी म्हणतात, रेमीही वाट बघत चमचा धरून थांबला. बाबा म्हणाले, "मार बाळा." बाळा! रेमीने भुवया उडवल्या, मनगट झटकलं. थप्प. सगळ्यांच्या माना वर. दाणे चिकटले, पंधरावीस तरी. मग एक सुटला, दुसरा सुटला, आणि रेमीच्याच केसांत पडला. "वीसमधले दोन गेले," तो म्हणाला. "चालेल. प्लेऑफ नक्की." कुणी हसलं नाही लगेच. मग सगळे एकदम हसले, फार जोरात, आणि ते त्याहून वाईट झालं.

जेवताना सगळे त्याला वाढत होते. आईने वरेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, दोनदा वाढल्या, बाबांनी स्वतःच्या ताटातला मासा उचलून त्याला दिला. "हालिना, बस करा, शुक्रवारी मला स्केट करायचंय, घरंगळायचं नाहीये," रेमी आईला म्हणाला. शुक्रवार हा शब्द टेबलावर पडला आणि तिथेच राहिला. लेसिया खसखस चघळत होती. तिचे दाणे दातांत, जिभेखाली, सगळीकडे, आणि एकेक दाणा तिला मोजता येत होता. "लेसियाला काय झालंय?" रेमीने विचारलं. "सकाळपासून... नाही, चारपासून. चार वाजल्यापासून हिने एक वाक्य पूर्ण केलेलं नाही." "दात दुखतोय," लेसिया म्हणाली. "कुठला?" "सगळे." तो तिच्याकडे बघत राहिला, मग बाबांकडे, मग आईकडे. बाबा बिटाच्या सुपात, बोर्श्टमध्ये, काहीतरी शोधत होते. आई पाचव्या ताटापुढचा पेला सरळ करत होती, जो सरळच होता. मग रेमीने मान खाली घातली आणि शांतपणे सगळं संपवलं. ताट पुसून. लेसियाला त्या क्षणी ओरडायचं होतं, माझ्याकडे बघू नकोस, मी चांगली मुलगी व्हायचा प्रयत्न करतेय आणि ते इतकं घाणेरडं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साडेसातला रेमी उदाहरणं सोडवायला खाली गेला. आईने हात पुसले आणि लेसियाला खुणेने शिवणखोलीत बोलावलं. या संध्याकाळी प्रोकोपिवांच्या घरात सुई उचलत नाहीत. आजीच्या काळापासूनचा नेम. पण उद्या घरात पस्तीस नातेवाईक आणि या खोलीत कोटांचा डोंगर, वेंडेल संध्याकाळी दारात. "शिवेन उद्या, सगळे गेल्यावर," आई अगदी ओठांत म्हणाली. "आज उसवून ठेवू. उसवणं म्हणजे शिवणं नव्हे." आणि घाईघाईने छातीवर क्रॉसची खूण केली. मग तिने बोट ओठांवर ठेवून जमिनीकडे दाखवलं. घर तापवणाऱ्या भट्टीची गरम हवा येणारी लोखंडी जाळी. जाळीखालची नळी सरळ तळघरात, रेमीच्या टेबलावर उघडायची. इथलं तिथे, तिथलं इथे, कानात बोलल्यासारखं ऐकू जायचं. ती बंद करायची कळ कुणीतरी कधीतरी रंगवून टाकली होती आणि ती रंगात बुडून कायमची उघडी राहिली होती. सप्टेंबरापासून लेसिया जाळीशीच ठेवलेल्या पुस्तकातून खाली गणित ओरडायची. आता दोघी दिव्याखाली बसल्या, मांडीवर एकोणीस, आणि आईने टाके उसवायचं बारकं पातं पहिल्या अक्षराखाली घातलं. कट्. कट्. कट्. मग दोरा ओढला, र्र्र, आणि एल सुटला. मग ए. त्याखालचं कापड बाकीच्यापेक्षा गडद निळं, कधी ऊन न लागलेलं, आणि कडेने भोकांची रांग.

"लेसिया," जाळीतून आवाज. "सहाव्यात उत्तर उणे येतंय. चालेल?" "चालेल." "नुसतं चालेल?" "चालेल, बरोबर आहे." कट्. एफ. गरम हवेबरोबर त्याच्या सांधेदुखीच्या मलमाचा वास येत होता. आर. दुसरा ए. आई श्वाससुद्धा पात्याच्या तालावर घेत होती. लेसिया सुटलेली अक्षरं तळहातावर घेत होती, पांढरी, कडेने धाग्यांची लव असलेली, आणि तिला वाटत होतं, मी आत्ता जाळीवर तोंड ठेवलं आणि दोन शब्द बोलले तर? फक्त दोन. आईने ते डोळ्यांतून ओळखलं आणि काहीच केलं नाही. ना हो, ना नको. तेच सर्वांत कठीण होतं. एम निघायला फार वेळ लागला. खालून पेन्सिलचा आवाज येत होता. मग पेन्सिल थांबली.

"लेसिया."

"काय?"

"कितवं अक्षर?"

आईचा हात थांबला. पातं दिव्यात चमकलं. भट्टी खाली घुरघुरत होती, आणि लेसियाला एकदम दिसलं, आजवर कधी न दिसलेलं: तीन वर्षं हा मुलगा या खोलीच्या खाली झोपलाय. मशीन चाललं की शिवण. मशीन गप्प आणि हे कट् कट् आलं की कुणीतरी चाललं. किती पोरांची नावं त्याने छताकडे बघत, अंधारात, अशी मोजली असतील? आणि सकाळी लॉकर-रूममध्ये त्यांच्याच शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधल्या असतील, तोंड मिटून. ज्या गोष्टीने तिचा अख्खी दुपार कोंडमारा झाला, तिच्यात तो तीन वर्षं राहत होता. तिची जीभ आता मोकळी होती, आणि आता तिला बोलायचं नव्हतं.

"सहावं काढलं," ती म्हणाली. "आता बी."

खाली पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग, "बी जपून काढा. गेल्या वर्षी काचेवर आदळलो तेव्हा तिथे फाटलं होतं. आतून ठिगळ आहे."

आई जाळीवर वाकली. या खोलीतल्या कामाबद्दल तिने कधी कुणा पोराशी शब्द काढला नव्हता. "रेमी, बाळा, शनिवारपर्यंत काहीही होऊ शकतं. मोडूही शकतं."

"माहितीये, हालिना. मी व्हिन्सच्या शेजारी बसायचो." खुर्ची सरकल्याचा आवाज. "तिने काही सांगितलं नाही हं मला. तिला रागावू नका. ती गप्प होती एवढंच. लेसिया गप्प म्हणजे..." तो हसला, किंवा तसंच काहीतरी. "मिस ओकाफोर उद्या शाळेत असते?"

"असते," लेसिया म्हणाली.  "आठच्या आधी जा. उद्या आपला नाताळ, मी नसेन, पण तू जा. सांग तिला, परवा घे म्हणून. एकसष्टचा कागद घेऊन जा फ्रीजवरचा."

"आणि मोडलं तर?"

 चार मिनिटं, कुठल्याही बाजूने, न अडखळता; आणि आत्ता एकही बाजू नव्हती. "मोडलं तर गणित तरी सुटलेलं असेल," ती शेवटी म्हणाली.

खाली पान उलटल्याचा आवाज आला. आईने पातं लेसियाच्या हातात दिलं आणि स्वतः डोळे मिटून भिंतीला टेकली. लेसियाने बी सोडवला, ठिगळाला धक्का न लावता. मग ओ. आय. एस. शेवटचा ई निघाला तेव्हा तिने जर्सी दिव्याकडे उंच धरली. पाठीवर नाव होतंच. नुसत्या भोकांचं, खांद्यापासून खांद्यापर्यंत, प्रत्येक भोकातून एक एक ठिपका उजेड येत होता. उद्या आई यावर पाच अक्षरं शिवेल आणि ती मधोमध बसतील, आणि दोन्ही बाजूंना तीन तीन अक्षरांची भोकं उघडीच राहतील, कुणाला तरी थंडी वाजेल तिथून.

"सातवं सांग," खालून आवाज आला.

लेसिया जाळीजवळ गुडघे टेकून बसली, तळहातात अकरा अक्षरं घट्ट धरून, आणि खाली तोंड करून मोठ्याने, अगदी मोठ्याने, उदाहरण वाचू लागली.